पद्माच्या निबंधातला पहिला माणूस

फाल्गुन शुद्ध तृतीया, शुक्रवार. सन १९५५

आधी आली ती आनंदाबाई. तिचं घर समोर, त्यामुळे आमच्या घरची गोष्ट आमच्याआधी तिला कळते. पद्माची पेटी बैलांच्या दमणीतून उतरली नाही तोच ही दारात, हातात रिकामी वाटी. म्हणे विरजण द्या. मी म्हटलं, "काऊन वं, सकाळीच तं नेलं होतं ना?" तर म्हणते, "ते मांजरीनं पेलं, काकू." मांजर तिची दिवाळीतच मेली. पण माझी नात नागपूरहून आली म्हणून एखाद्या मेलेल्या मांजरीने विरजण प्यायलं, तर माझी काही तक्रार नाही.

मी रुख्मा. ही वही पद्मानेच दिली. अक्षरंही तिनेच शिकवली, सुटीत आली की पाटी घेऊन बसवायची मला. आई तिची लवकर गेली. बाप म्हणजे माझा वासुदेव, तो पुलगावला गिरणीत कारकून, कधीमधी तोंड दाखवतो. पोरीला वाढवलं मी. ती म्हणते, आजी, लिहिताना शाळेतल्यासारखं लिही. म्हणून 'मले'चं 'मला' करते. बाकी जसं तोंडात येईल तसं.

आनंदाबाईमागून विहिरीवरच्या सगळ्या आल्या. पद्माची डॉक्टरी अजून पुरी व्हायची आहे, पण गावाला तेवढा दम कुठला. एकीने जीभ दाखवली, एकीने सुनेचं पोट. पोरगी हसून सगळ्यांचं पाहत होती आणि मी दारात उभी राहून माझ्या नातीला पाहत होते.

घर रिकामं झाल्यावर मी विचारलं, "सुटी नाई काई नाई, कशी काय आली वं?"

"निबंध लिहाचा आहे आजी. आमच्या मॅडमनं सांगतलं. मोठ्ठा. छापून येईन."

"केवढा मोठा?"

"लांबीनं नाई. भेवानं मोठा."

भ्यायचं कशाला? कागद काही चावत नाही.

आणि दिवेलागणीला कोण यावं! सदाशिवराव मालगुजार. खुद्द. मालगुजारी सरकारने काढून घेतली, पण मान काय कायद्याने जातो? मी या घरात नवरी होऊन आले तेव्हापासून त्यांच्या घरचं पाऊल आमच्या ओट्याला लागलं नव्हतं. मागे त्यांचे दिवाणजी रूपराव. मी पदर सावरू की सतरंजी टाकू असं झालं. सदाशिवराव बाजेवर बसले, म्हणाले, "रुख्मामावशी, तुमची नात म्हणजे गावाची नात. काय, पद्मा, कायवर लिहून राह्यली तू?"

पद्मा म्हणाली, "अजून ठरलं नाई, काका."

आता हे काय? मला तर आल्याआल्या सांगितलं होतं. लाजली असेल. मीच सांगून टाकलं, "ठरलं ना! आपल्या टोलीवरच्या लोकायचे पाय काऊन वाकतात, त्याच्यावर लिहून राह्यली."

सदाशिवराव हसले. म्हणाले, "वा." रूपरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. चहा मात्र दोघांनीही अर्धाच घेतला. गूळ कमी पडला असेल, दोन घरच्या बायांनी आज नेला ना.

शुद्ध पंचमी, रविवार

दोन दिवस पद्मा टोलीवर जाऊन येते आहे. टोली म्हणजे ओढ्यापलीकडची वस्ती, मालगुजारांच्या वावरात राबणाऱ्यांची. तिथे घरटी एक तरी माणूस वाकडा. आधी पोटऱ्या दुखतात, मग गुडघे वळतात, टाच भुईला टेकत नाही, चवड्यावर काठीने चालतात, आणि शेवटी बसूनच सरकतात. आम्ही लहानपणापासून ऐकतो की ओढ्यावरचं वारं लागतं.

पद्मा म्हणते, वारं नाही, लाखोरी आहे. मजुरीत ज्वारीऐवजी लाखोरीची डाळ देतात, आणि वर्षानुवर्षं दोन्ही वेळा तीच खाल्ली की पाय जातात. मी म्हटलं, अगं आम्हीही खाल्ली. ती म्हणाली, "तू भाजीत टाकून खाल्ली आजी. त्यायच्या घरी दुसरं काईच नसते."

मला हे पटत नाही, पण डॉक्टर ती आहे. मी तिला सांगितलं, ज्या साली ज्वारी बुडाली त्या साली सदाशिवरावांच्या वडिलांनी पेवं उघडली आणि हीच लाखोरी वाटली, म्हणून टोली जगली. त्यांच्या नावाने दिवा लावतात लोक. पद्मा म्हणाली, "हो. तेव्हापासूनच चालू झालं ते."

टोलीवर कोणी बोलत नाही. काय खाता म्हटलं की "जवारी". चुलीवर लाखोरीचा वास येत असताना "जवारी". पद्माला काही समजत नाही, मला समजतं. भैयाजीचं झालं तेव्हापासून हे लोक गप्प. भैयाजी म्हणजे टोलीवरचाच, फार बोलका. मागच्या पावसाळ्याआधी कोणी सरकारी माणूस आला होता, त्याला याने डाळ नेऊन दाखवली. मग मालगुजारांनीच खर्च करून त्याला इलाजाला पाठवलं, कुठे दूर. तो अजून आला नाही. तिकडची हवा मानवली असेल. त्याची बायको रोज संध्याकाळी सडकेवर जाऊन बसते, तेवढं एक बरं दिसत नाही.

शुद्ध अष्टमी, बुधवार

पद्मा कागद घेऊन बसते आणि कोरा घेऊन उठते. एक ओळ लिहिते, फाडते. जेवताना हात ताटात आणि डोळे आढ्याला. काल मी फाडलेले तुकडे गोळा करून चूल पेटवली तर म्हणते, "चला, कोणाच्या तरी कामी आला माह्या निबंध."

मी टकळी घेऊन बसले होते. म्हटलं, "पोरी, तू करून काय राह्यली?"

"कुठून चालू करू तेच समजत नाई. टोली एवढी मोठी. वर्षं एवढी. कोणी बोलत नाई."

"गाठोडंभर कापसाचं सूत एकदमच निघते काय? एक पेळू घ्याचा हातात. तोई पयल्या खेपेले तुटतेच."

ती माझ्याकडे पाहतच राहिली. मग मोठ्याने हसली. "आजी, मॅडमनं निघताना हेच सांगतलं होतं. सगळ्या टोलीचं लिहू नको. एक माणूस घे. त्याचे पाय कधी सरळ होते, तो काय खात होता, कधी वाकले, एवढंच लिही. पयलं पान एका माणसाचं."

"मंग घे ना एक माणूस."

"तो बोलला पायजे ना."

माझ्या टकळीने नागपूरच्या मॅडमबाईंची बरोबरी केली, हे आनंदाबाईला सांगायचंच होतं. सांगून आले. तिने विचारलं, "मंग कोणता माणूस घेणार?" मी म्हटलं, ते अजून नाही.

संध्याकाळी रूपराव ओट्यासमोरून गेले आणि परत आले. विचारलं, "पद्माबाई माणूस शोधून राह्यल्या म्हणे?" आनंदाबाईच्या पोटात काही म्हणून राहत नाही. पण दिवाणजीसारख्या माणसाला आपल्या पोरीच्या अभ्यासाची काळजी, हे काय थोडं आहे?

होळी, मंगळवार

आज लिहायला फार आहे आणि हात पुरणाने चिकट.

पुरण शिजवण्याच्या नादात अंगण सारवायचं राहिलं, ते दुपारी सारवलं. अजून ओलंच होतं. गाव सगळा मारुतीपुढे होळीची लाकडं रचत होता. तेवढ्यात कवाडाशी काठी वाजली. श्रावण! टोलीवरचा श्रावण. आमच्या वासुदेवाच्या बरोबरीने खेळलेला, माझ्या हातची भाकर खाल्लेला. ओल्या शेणावरून चवडे टेकवत, डावा पाय मागे ओढत आला. म्हटलं, "अरे बाप्पा, कडेकडेनं तं ये!" तो शरमला. "माय, ह्या पायाले कड समजत नाई."

पद्मा धावतच बाहेर आली. त्याला धरून आत नेलं, पाटावर बसवलं. तिने विचारलं, तो सांगत गेला. मी ऐकून ऐकून थक्क. चार सालांमागे हा पोळ्याच्या दिवशी बैलासोबत धावत होता, आम्हीच पाहिलं की. मग मालगुजारांकडे सालाला राहिला, वर्षभराच्या बोलीवर. मजुरी लाखोरीची. हिवाळ्यात पोटऱ्या धरल्या. त्याच्या बायकोला, अनुसयेला, तिच्या भावाकडून ज्वारी यायची, ती तिने लेकरांना घातली. लेकरांचे पाय सरळ.

पद्मा म्हणाली, "हे मॅडमपुढं सांगशीन? मी त्यायले इथंच आणतो."

श्रावणने काठी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाला, "पोट्टा माह्या औंदा सालाले लागते, ताई. पाडव्यापासून. त्याचेई पाय..." त्याने आपला डावा गुडघा चाचपला. "सांगतो. आणा तुमच्या बाईले. पण तोवर माह्यं नाव कोणापाशी काढू नोका."

पद्माने माझ्याकडे बोट केलं. "आजी, शपथ."

मी चुलीवर हात ठेवून शपथ घेतली, नाव काढणार नाही. आनंदाबाईपाशीसुद्धा नाही. केवढा मोठा त्याग आहे हा, पोरीला काय कळणार.

त्याला पुरणपोळी दिली. तो गेल्यावर पद्मा कागद घेऊन बसली, आणि चालू! सरसर. इंग्रजीत लिहिते, पण पहिली ओळ मला मराठीतून सांगितली: "हा माणूस चार वर्षांपूर्वी धावत होता." मी म्हटलं, "एवढंच? हे तं आमाले सगळ्याइलेच मालूम आहे." ती म्हणाली, "सगळ्याइले मालूम आहे आजी, पण कागदावर कोणीच नाई आणलं."

पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही. कागदाला मी हळदकुंकू लावलं. एका कोपऱ्याला पिवळा डाग पडला, तर रागावली नाही.

धुळवड, बुधवार

पद्मा सकाळीच गेली. दमणीने सेलूपर्यंत, तिथून रेल्वे. पुढच्या शुक्रवारी मॅडमना घेऊन येते. त्या श्रावणला डोळ्यांनी पाहतील, पाय तपासतील, आणि मग त्यांची सही. ती म्हणाली, "आजी, शुक्रवारी श्रावण इथं नसला तं माह्या निबंधात काईच नाई उरणार. नुसती एक ओळ." मी म्हटलं, कुठे जातो तो, त्या पायांनी!

घरचं माणूस परगावी निघालं की मागोमाग झाडायचं नसतं, सारवायचं नसतं. माणूस ठिकाणी पोचेपर्यंत अंगण तसंच ठेवायचं. माझ्या सासूने एकदा विसरून झाडलं, तर सासऱ्यांची गाडी नाल्यात उलटली. म्हणून अंगण कालचंच. त्यात धुळवड, म्हणून बाहेर अंगणाअंगणात चिखल आणि माझं मात्र वाळून टणक, चित्र काढल्यासारखं.

रूपराव गुलाल घेऊन आले. पाया पडले माझ्या! दिवाणजी! मग ओट्याच्या खाली उभे राहून अंगणाकडे पाहत राहिले. इतका वेळ की मला वाटलं, गुलालात काही हरवलं यांचं. वाकले, बोटाने एक खळगा चाचपला.

"कोण आलं होतं काल, मावशी?"

मी म्हटलं, "होळीचा दिवस. कोणीबी येते." शपथ मोडली नाही. तोंडातून नाव निघालं नाही, देवाशप्पथ.

"एकच काठी," ते स्वतःशीच म्हणाले. "अन् डावा पाय ओढते." मग मला हसून म्हणाले, "सुरेख सारवता तुमी. एक एक बोट उठलं आहे."

कौतुक कोणाला नको वाटतं. मी त्यांना चिवडा दिला. त्यांनी खिशात भरला आणि लगबगीने गेले, धुळवड न खेळताच.

वद्य चतुर्थी, शनिवार

आज अनुसया आली. श्रावणची बायको. मागच्या दाराने आली, हे मला आवडलं नाही. आम्ही काय तिला पुढून नाही म्हटलं असतं? डोकं उघडं, ओठ सुकलेले. पाणी दिलं ते अर्धं सांडलं.

म्हणाली, धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी श्रावणला खळ्यावरून परत पाठवलं. लेकालाही. संध्याकाळी दोन माणसं दारात येऊन नुसती उभी राहिली. काही बोलली नाहीत, शिवी नाही, काही नाही. दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा.

मी म्हटलं, "अवं, पाडवा जवळ आला. सालाचं विचाराले आले असतीन."

ती माझ्याकडे अशी पाहायला लागली, जशी मी परक्या मुलखातली. मग जवळ सरकून म्हणाली, "तो मोहाच्या बनात आहे, काकू. माह्या भावाच्या मचाणावर. तुमालेच सांगून राह्यली. पद्माताई कधी येते?"

"शुक्रवारी."

"जल्दी नाई येत?"

मी म्हटलं, नागपूर काय हिंगणीचा बाजार आहे, गेली की आली? तशी ती उठून गेली. पोळी देत होते, घेतली नाही.

त्या पायांनी मोहफुलं वेचायला जंगलात! हौस म्हणावी की खूळ. पण माझंही मन आज जरा ठिकाणावर नाही. दोनदा टकळीचं सूत तुटलं. धुळवडीच्या रंगासाठी भिजवलेली पळसाची फुलं अजून घमेल्यात आहेत आणि त्यांचं लाल पाणी पाहून उगाच कसंसं झालं. ओतून दिलं. डोळे अधू झाले की असं होतं.

वद्य षष्ठी, सोमवार

आजचा दिवस सोन्याचा! मन उगाच खात होतं.

जीपगाडी आली आमच्या दारात. सदाशिवराव, रूपराव, आणि एक मी न पाहिलेला माणूस, हाताचे पंजे सुपाएवढे, बोलतच नव्हता. आनंदाबाई भिंतीवरून बघत होती. बघू दे.

सदाशिवराव बाजेवर बसले आणि म्हणाले, "मावशी, आमाले मोठी शरम वाटून राह्यली. पोरीनं एकटीनं एवढं काम करावं, अन् आमी गावचे असून पाहत बसावं? श्रावणचा इलाज आता आमी करणार. नागपूरले नेतो."

मी चाट. "तुमाले कसं समजलं, मालक? मी तं नाव काढलं नाई."

"तुमी नाईच काढलं," रूपराव म्हणाले. "तुमी लय पक्क्या, मावशी."

हे ऐकून मला जे बरं वाटलं! पद्मा आली की सांगणार, खुद्द दिवाणजींनी दाखला दिला.

मी विचारलं, "पण शुक्रवारी पद्मा अन् तिच्या मॅडम इथंच येऊन राह्यल्या ना?"

"म्हणूनच तं." सदाशिवराव पुढे झुकले. "त्या बाईइले एवढ्या उन्हात काऊन त्रास? आमी आधीच त्याले तिथं नेऊन ठेवतो. दवाखान्यातच भेट. पण आत्ता कळवू नोका पद्माले. पोरगी कशी चकित होईन, पाहा."

किती पोटातून विचार करतात! भैयाजीलाही यांनीच नेलं होतं. मी विचारलंसुद्धा, "तो बरा आहे ना?" सदाशिवरावांनी पंजेवाल्याकडे पाहिलं. तो पहिल्यांदाच बोलला, "त्याले आता काई त्रास नाई." चला. त्याच्या बायकोला निरोप देईन, उगाच सडकेवर बसते.

एकच अडचण होती. श्रावण सापडत नाही म्हणाले. घरी विचारलं तर अनुसया म्हणते मालूम नाही. गरीब माणसं, दवाखान्याला भितात. रूपराव म्हणाले, "तुमच्या घरावर त्याचा भरवसा आहे, मावशी. तुमी बोलावलं तं येईन."

अनुसयेने मलाच सांगितलं होतं, ते आठवलं. पण जागा कोण विचारत होतं? जागा मी सांगितलीच नाही. नुसतं बोलावणं पाठवायचं, त्यात काय गेलं? आणि पोरीचा निबंध पुरा व्हायचा तो याच्याच पायांवर. शुक्रवारी तो जंगलातून आलाच नाही तर? इथे आला, की पक्का हातात आला.

रूपरावांनीच सुचवलं, की पद्माने बोलावलं म्हणून सांगा, नाही तर यायचा नाही.

ते गेल्यावर मी स्वतः ओढा उतरून टोलीवर गेले, या वयात. अनुसयेला म्हटलं, "पद्माचा निरोप आला. श्रावणले बुधवारी सांजेलेच माह्या घरी घेऊन येजो. इथंच मुक्काम करन."

"ताईनं बोलावलं?" तिने दोनदा विचारलं.

"ताईनंच."

तिने माझे पाय धरले आणि रडायला लागली. किती दिवस मनात साचलं असेल बिचारीच्या. म्हणाली, "मंग आता काई भेव नाई." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. चांगलं करताना एखादं खोटं बोलावं लागतं, देव ते मोजत नाही.

बुधवारी श्रावणसाठी ज्वारीची भाकर करते, पद्माला बरं वाटेल. त्याला आतल्या खोलीत निजवते, म्हणजे सकाळी शोधावं लागणार नाही. वाटेसाठी शिदोरी बांधून देईन. दुपारी पद्माची सतरंजी धुतली. आनंदाबाई समोरून विचारायला आली, जीप कशाला आली होती. या खेपेला मी तोंड घट्ट मिटलं. सदाशिवरावांनी बजावलं आहे, कोणापाशी बोलू नका.

गुरुवारी जीप घेऊन येतो म्हणाले, उन्हं चढायच्या आत.